येथे मुलं रडत नाहीत

४ फेब्रुवारी, मंगळवार

मशीन आलं. दवाखान्याच्या इतिहासातला मोठा दिवस. दिसायला जाड पेनासारखं आहे, टोकाला लाल प्रकाश. सोबत तीन काळे चष्मे. एक माझा, एक सिस्टरचा, एक छोटा पेशंटचा. पद्धत सोपी. बधिर करायचं इंजेक्शन जिथे द्यायचं, तिथे हिरडीवर आधी एक मिनिट हा प्रकाश धरायचा. मग सुई. मशीनवाला म्हणाला, मुलांना टोचलेलं फारसं जाणवत नाही. सोबतच्या माहितीपत्रकात लिहिलंय की काही अभ्यासांत फरक दिसला आणि काहींत विशेष दिसला नाही. यातला पहिला भाग महत्त्वाचा. दुसरा बारीक टाइपात आहे.

संकल्प. यापुढे या दवाखान्यात एकही मूल रडणार नाही. प्रत्येक मुलाची नोंद याच वहीत करायची. वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, त्यामुळे खोटं लिहायचं कारणच नाही.

नातीची दाढ किडली आहे. खालची, उजवी. नात सात वर्षांची, पुढचे दोन दात हे एवढे मोठे, म्हणून घरात सगळे तिला खार म्हणतात. खारीची दाढ अर्थात मीच करणार. मशीन त्यासाठी घेतलं असं मात्र नाही. लेकीला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे हो. बायको म्हणते, बघू म्हणजे नाही. इतकी वर्षं संसार करून हिला घरची भाषा आली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला पेशंट. पाच वर्षांचा मुलगा. प्रकाश दिला. अजिबात रडला नाही. यश शंभर टक्के.

इंजेक्शन द्यावं लागलं नाही. तो आईबरोबर आला होता आणि दात आईचा दुखत होता. पण दिलं असतं तरी रडला नसता. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सहा वर्षांची मुलगी. रडली. पण त्यात प्रकाशाचा दोष नाही. चष्म्याचं रबर कानामागे काचत होतं. चष्म्यामुळे आलेलं रडू मोजायचं नाही असं ठरवलं.

आठ वर्षांचा मुलगा. रडला. हा जात्याच रडका. बापसुद्धा दारात उभा राहून डोळे पुसत होता.

सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, प्रकाश वीस सेकंदच धरलात. मी म्हणालो, माझ्या अंदाजाने मिनिट झालं. त्या म्हणाल्या, मिनिटाला अंदाज कशाला हवा, भिंतीवर घड्याळ आहे. सिस्टर माझ्याकडे एकोणीस वर्षं आहेत. एकोणीस वर्षांत माणूस फार बोलायला लागतो.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. मिनिट फार मोठं असतं. एरवी मी सुई भरतो, दोन गमती सांगतो, टोचतो, मोकळा होतो. काही जाणवायला वेळच राहत नाही. म्हणजे मुलाला. या मशीनमध्ये नुसतं धरून बसायचं असतं. हाताला दुसरं काम नाही. मूल बघत राहतं. काळ्या काचेमागचे डोळे दिसत नाहीत, पण ते आपल्याकडे बघतंय हे कळतं.

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत सिस्टर घरी जातात. दवाखान्यात मी एकटा. ड्रिलला हवा देणारा कंप्रेसर बंद केला की तो लगेच गप्प होत नाही. आधी तीन हुंदके देतो. हुंदके हा शब्द चुकला. तीन झटके. खूप वेळ रडून थकलेलं मूल शेवटी श्वास आत ओढतं ना, तसे. मशिनरी जुनी झाली की असं होणारच. उद्या मेकॅनिकला फोन करायचा.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेकॅनिक आला. म्हणाला, बंद करून दाखवा. बंद केला. तो कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, कसला आवाज? मी म्हणालो, हा काय, आत्ताचा. त्याने कंप्रेसर उघडून बघितला, पुसला, परत लावला. म्हणाला, ठणठणीत आहे, अजून दहा वर्षं बघायला नको. मग कंप्रेसरऐवजी माझ्याकडे बघत राहिला.

हल्लीच्या लोकांना कामात लक्ष नाही. दुसरा मेकॅनिक शोधायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कालपर्यंतच्या नोंदी पुन्हा वाचल्या. मुलं रडली असं दोन ठिकाणी लिहिलंय. पण रडणं वेगळं आणि दुखणं वेगळं. मूल भीतीने रडतं, भुकेने रडतं, शेजारचं रडतं म्हणून रडतं. दुखलं किती, हे ज्याचं त्याने सांगायला हवं. म्हणून सहा चेहऱ्यांचा तक्ता केला. पहिला हसरा, मग उतरत उतरत शेवटचा धो धो रडणारा. इंजेक्शन झालं की मुलाने बोट ठेवायचं. यात डॉक्टरचं मत चालत नाही. शास्त्र म्हणतात ते हेच.

तक्ता सिस्टरनी काढला. चित्रकला बरी आहे. शेवटच्या चेहऱ्याला वेणी कशाला काढलीत, विचारलं. म्हणाल्या, वेणी कुठे, अश्रू ओघळलाय गालावरून. पुन्हा बघितलं. अश्रूच होता.

चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला हवा.

१९ फेब्रुवारी, बुधवार

निकाल. नऊ मुलं, नऊ हसरे चेहरे. सात जण रडले, एकाने ट्रे लाथाडला, एक माझ्या बोटाला चावला. पण स्वतःचं बोट मात्र प्रत्येकाने हसऱ्यावरच ठेवलं. अशी आकडेवारी मोठमोठ्या दवाखान्यांत मिळणार नाही. सिस्टरनी बोटाला पट्टी बांधून दिली.

पेंटरला बोलावून दारावरच्या पाटीची ऑर्डर दिली. येथे मुलं रडत नाहीत. एवढंच. निळ्यावर पांढरी अक्षरं. पेंटरने विचारलं, शेवटी प्रश्नचिन्ह टाकू का? मी नाही म्हणालो. त्याने वाक्य पुन्हा वाचलं आणि विचारलं, की 'येथे मुलांनी रडू नये' असं करू? माणसं आपल्या कामापुरतं का बघत नाहीत, कळत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

लेकीला फोन केला. नऊपैकी नऊ, असा निकाल सांगितला. रविवारी खारीला घेऊन ये म्हणालो, दवाखाना बंद असतो, आपलं निवांत होईल. मी म्हणालो, अगं तुझी नाही का भरली दाढ? सातच वर्षांची होतीस, याच खुर्चीत. हूं की चूं केलं नाहीस.

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. लाइन खराब असावी. मग म्हणाली, बघू, बाबा.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. घाबरलेल्या पालकांना तर नेहमीच सांगतो. माझी स्वतःची मुलगी, सात वर्षांची, इंजेक्शनला रडली नाही. पालकांचे चेहरे एकदम सैल होतात. चांगल्या गोष्टीचा हाच उपयोग.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.३०

तयारी पूर्ण. खुर्ची पुसली. छोट्या चष्म्याचं रबर सैल केलं. सुई खारीला दिसू नये म्हणून ट्रेवर रुमाल. रुमालावर ससे आहेत. सिस्टरना सुट्टी असूनही बोलावणार होतो, पण नको. घरचंच काम आहे.

दुपारी १२

अजून यायचेत. ट्रॅफिक असेल.

दुपारी ३

फोन आला. जावई बोलले. खारीला सर्दी झाली आहे. साहजिक आहे, हवा बदलते आहे. पुढच्या रविवारी बघू म्हणाले.

घरी आलो. बायको म्हणाली, सर्दी कसली, सकाळीच खार फोनवर आख्खं गाणं म्हणून दाखवत होती. मी म्हणालो, सर्दीत कधी कधी आवाज मोकळा होतो. हिने माझ्याकडे बघितलं आणि ताट वाढलं.

निघण्याआधी दवाखान्यात थोडा वेळ बसलो होतो. कंप्रेसर सकाळपासून लावलाच नव्हता. तरी आवाज आला. रस्त्यावरचा असणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज आलेला मुलगा साडेसहा वर्षांचा. फार हुशार. प्रकाश, इंजेक्शन, रडणं, सगळं झालं. तक्ता पुढे केला. गालावर पाणी तसंच, नाक वाहतंय, आणि याने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. सिस्टरनी रुमाल दिला आणि सहज विचारलं, हाच का रे?

तो म्हणाला, "हसरा दाखवला की घरी सोडतात. रडका दाखवला तर परत टोचतात."

कोणी सांगितलं, विचारलं. बाहेर बसलेल्या एका ताईने सांगितलं म्हणे. ती ताई मागच्या आठवड्यातली पेशंट. म्हणजे मुलं वेटिंग रूममध्ये एकमेकांना शिकवतात.

एका मुलाच्या बोलण्याने निष्कर्ष बदलत नाही. तक्ता उत्तम आहे, विचारायची पद्धत सुधारायची. उद्यापासून आधीच सांगायचं की कोणताही चेहरा दाखवला तरी घरी सोडतो.

दुपारनंतरचे पेशंट उद्यावर ढकलले. डोकं जड होतं.

१ मार्च, शनिवार

पाटी लागली. अक्षरं सुंदर आली आहेत. उद्घाटनाला म्हणून दारात उभा राहिलो, तेवढ्यात एक बाई तिसऱ्यांदा आलेल्या मुलीला ओढत आणत होत्या. मुलीने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, बरोबर पाटीखाली, आणि असा सूर लावला होता की समोरचा चष्मेवाला दुकानाबाहेर आला. त्याने पाटी वाचली, मुलीकडे बघितलं, परत पाटी वाचली. मग आत जाऊन बायकोला बोलावून आणलं.

दोघं बराच वेळ उभे होते. प्रसिद्धी ही प्रसिद्धीच.

उद्याच्या रविवारसाठी लेकीला दोनदा फोन केला. उचलला नाही. कामात असेल.

४ मार्च, मंगळवार

पाटी जागेवर नाही. सिस्टर म्हणाल्या, धुवायला काढली. तीन दिवसांत पाटी किती मळणार? पण विचारलं नाही.

नवा कंप्रेसर बसवला. अत्यंत शांत. चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं. दुपारी सुट्टीत मुद्दाम थांबलो. बंद केला. एक. दोन. तीन.

आवाज कंप्रेसरच्या खोलीतून येत नाही. पेशंटच्या खुर्चीच्या बाजूने येतो. खुर्ची वर-खाली करून बघितली. खाली वाकून बघितलं. तेवढ्यात सिस्टर परत आल्या. मी गुडघ्यांवर होतो. म्हणालो, बटण पडलं शर्टाचं. शर्टाला सगळी बटणं होती.

त्यांनी पर्स ठेवली आणि नुसतं विचारलं, तुम्हाला कधीपासून ऐकू येतं? मी म्हणालो, दहा फेब्रुवारीपासून. त्या बरं म्हणाल्या आणि उपकरणं उकळायला गेल्या.

खरं म्हणजे त्याच्या आधीपासून. पण आधी गर्दी फार असायची, रेडिओ असायचा. एवढं स्पष्ट नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

आज एका केसमध्ये इंजेक्शन दिलं नाही. कारण तांत्रिक.

मुलगी सात वर्षांची, दोन वेण्या. शांत. घाबरलेली, पण शांत. सिस्टरनी माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर गजराचं घड्याळ आणून ठेवलं. म्हणाल्या, आज पूर्ण मिनिट. मी म्हणालो, पूर्ण मिनिट. चष्मे लावले. प्रकाश धरला.

दहा. वीस. खोलीत काही आवाज नाही. हिरडी लाल दिसते त्या उजेडात, आणि दात आतून पेटल्यासारखा. पंचवीस. मुलीच्या छातीवरचं बटण वर-खाली होत होतं. तिला काही तरी विचारावं असं वाटलं, पण तोंडात मशीन असताना ती काय सांगणार? चाळीसच्या आसपास तिने हात वर केला आणि माझं मनगट धरलं. ओढलं नाही, ढकललं नाही. नुसतं धरलं. एवढासा हात.

मी मशीन बंद केलं. तिच्या आईला सांगितलं, मशीनमध्ये बिघाड आहे, पुढच्या आठवड्यात या. आई गोंधळली. मुलगी मात्र जाताना माझ्याकडे वळून बघत होती. आपल्याला सोडलं याचं कारण तिलाही कळलं नसावं.

मशीनवाल्याला फोन केला. तो म्हणाला, बिघाड म्हणजे नक्की काय होतं? मी म्हणालो, एक मिनिट फार जास्त आहे. तो म्हणाला, सर, तो बिघाड नाही, ती सूचना आहे.

११ मार्च, मंगळवार. रात्री जेवणानंतर

कळलं ते लिहितो. खारीचा गाल सुजला होता. चार दिवस औषध चालू आहे. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचं. उद्या त्याच दाढ करणार. हे सगळं बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत. मला का सांगितलं नाही, विचारलं. म्हणाली, अहो, तुम्ही गेला असतात. म्हणजे काय, जाणारच. नात माझी, दाढ माझी.

डॉक्टरीणबाईंचा अनुभव सात-आठ वर्षांचा असेल. माझा छत्तीस. उद्या सल्लागार म्हणून हजर राहायचं. मशीन बॅगेत घालून न्यायचं. ऐनवेळी त्यांनाच गरज पडेल.

लेकीला मेसेज पाठवला की येतोय. तिने उत्तर दिलं, या. बसायला जागा आहे.

१२ मार्च, बुधवार

जागा होती. लहान मुलांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. मी मांडीवर बॅग घेऊन त्यातल्या एकीवर बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. समोरच्या भिंतीवर हत्ती दात घासत होता.

खार लेकीला चिकटून होती. मला बघून हसली. आबा, तुम्हीपण दात दाखवायला आलात? मी म्हणालो, मी मदतीला आलोय. आत बोलावलं तेव्हा मीही उठलो. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही इथे थांबा. दार अर्धवट उघडं होतं. थोडी खुर्ची सरकवली की ऐकू येत होतं.

त्यांच्याकडेही हेच मशीन आहे. मला मशीनवाला बोलला नाही. डॉक्टरीणबाई मोठ्याने आकडे मोजायला लागल्या आणि खार मध्येच ऊं ऊं करून साथ देत होती. साठ. एकही आकडा गाळला नाही. मग त्या म्हणाल्या, आता टोचणार आहे, थोडं दुखेल, हात वर केलास की मी थांबेन. थोड्या वेळाने म्हणाल्या, बरं, थांबले. परत सुरू. परत थांबले. असं दोनदा. इतकं थांबत राहिलं तर दिवसाला चार पेशंट होतील, असं मनात आलं.

मग खार रडली. लांब नाही, पण रडली. मी स्पष्ट ऐकलं. वही माझी आहे म्हणून लिहितो, मला क्षणभर बरं वाटलं. मग ते बरं वाटलेलं बरं वाटलं नाही. आतून बाई म्हणत होत्या, दुखलं ना? हो, दुखलं. झालं आता, संपलं.

अर्ध्या तासाने खार बाहेर आली. ओठ बधिर, एका बाजूला लोंबल्यासारखा. बोटाने दाबून बघत होती की आहे ना जागेवर. मी विचारलं, दुखलं का गं? म्हणाली, हो, थोडंसं, मी रडले. हवा कशी आहे हे सांगावं तशी म्हणाली.

रस्त्याने खार पुढे, लेक आणि मी मागे. बॅग जड झाली होती. गप्प चालवेना म्हणून मी म्हणालो, बघ, प्रकाश देऊन, मोजून, थांबून, शेवटी रडलीच. तू तर तेव्हा यातलं काही नसताना...

लेक चालायची थांबली.

"बाबा, मी रडले होते."

मी म्हणालो, तुला आठवत नसेल, लहान होतीस.

"मला सगळं आठवतं," ती म्हणाली. "दुखलेलं मी केव्हाच विसरले. पण त्याच संध्याकाळी घरी माणसं आली होती, त्यांना तुम्ही सांगितलंत, पोर रडली नाही. मी तिथेच होते, डोळे सुजलेले. मग शाळेत सांगितलंत. माझ्या लग्नात सासरच्यांना सांगितलंत. कधी कधी मला वाटायचं, मीच खोटं आठवतेय."

चिडून बोलली नाही. चिडली असती तर माझ्याकडे उत्तर होतं. चिडलेल्या माणसाला आधी शांत हो म्हणता येतं.

"खारीला तुमच्याकडे आणलं नाही ते इंजेक्शनसाठी नाही," ती म्हणाली. "तुमचा हात चांगला आहे, मला माहीत आहे. पण ती रडली असती, आणि तुम्ही तिला नंतर सांगितलं असतंत, तू रडलीच नाहीस."

तेवढ्यात खार मागे धावत आली. तिचा ओठ कधी परत येणार, विचारायला लागली. मी म्हणालो, दोन तासांत. तेवढं एक मला आज नक्की सांगता आलं.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी चहाच्या वेळी बायकोला विचारलं, लेक तेव्हा रडली होती का गं? हिने पेपर खाली ठेवला. म्हणाली, हो. मी दाराबाहेरच होते. तुम्ही मला आत येऊ दिलं नव्हतं.

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

तुम्ही विचारलं कधी, ती म्हणाली. मग पेपर उचलला आणि पेपरामागून म्हणाली, पोरगी मात्र विचारायची. लहानपणी, मोठेपणी, लग्नानंतरही एकदा. तिला दर वेळी सांगत आले, हो गं, रडली होतीस.

दवाखान्यात गेलो नाही. सिस्टरना निरोप दिला, सर्दी झाली आहे.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०

दवाखान्यात आलोय. पेशंटच्या खुर्चीत बसून लिहितोय. इथून छतावरचा ओलीचा डाग दिसतो. इतक्या वर्षांत मला तो माहीत नव्हता. मुलांना माहीत असणार.

एक नोंद राहिली होती, ती करतो.

मुलगी. वय सात, दोन वेण्या. खालची डावी दाढ. सुई दिसल्यावर तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले. मी ते बाजूला केले. तिची दोन्ही मनगटं माझ्या एका मुठीत मावली. ती म्हणाली, बाबा, थोडं थांबा. मी म्हणालो, झालं, झालं. झालं नव्हतं, सुई अजून हातातच होती. टोचली तेव्हा रडली. काढल्यावर रडत होती. दाढ भरताना रडत होती. नंतर रडून दमली आणि श्वास नुसता आत ओढत राहिली. मग स्वतःच खुर्चीवरून खाली उतरली आणि माझा हात न धरता दारापर्यंत गेली.

मी थांबायला हवं होतं. बाहेर चार पेशंट खोळंबले होते, असं आत्ता लिहिलं आणि खोडलं. बाहेर तिची आई होती, बाकी कोणी नव्हतं. रविवार होता.

घाई कशाची होती, ते आठवत नाही.